मागच्या तारखेची नोंद आणि चौघांचा एकच वकील

प्रश्न : मी पोलीस हवालदार, नोकरी १९ वर्षं. तालुक्याच्या ठाण्यात रात्रपाळीला ठाणे अंमलदार होतो. रात्री साडेअकराला डीबीच्या (गुन्हे शोध पथकाच्या) तिघांनी मोबाइल चोरीच्या संशयावरून २३ वर्षांच्या एका मुलाला आणलं आणि मागच्या खोलीत नेलं. ‘स्टेशन डायरीला घेऊ नका, सकाळी सोडायचाय’ म्हणाले, म्हणून मी नोंद घेतली नाही. मी हात लावलेला नाही, पण आवाज ऐकू येत होते. पहाटे पाचला त्याला सोडलं. दुपारी तो ग्रामीण रुग्णालयात दाखल झाला; तळपायावर वळ, मनगट सुजलेलं. आता आम्ही चौघंही निलंबित आहोत, खातेनिहाय चौकशी लागली आहे, आणि त्याने केलेल्या खाजगी फिर्यादीत कोर्टाची नोटीस आली आहे. आमचे साहेब म्हणतात, सरकारच्या मंजुरीशिवाय पोलिसाला काही होत नाही, चौघांनी एकच वकील द्या. त्या रात्रीच्या डायरीत दोन ओळी मोकळ्या आहेत, तिथे ‘दारूच्या नशेत पडून जखमी झालेला इसम आला, समज देऊन सोडला’ एवढं घाला, असंही त्यांचं म्हणणं आहे. रविवारी त्यांच्याकडे सगळ्यांची बैठक आहे. मी काय करू?

उत्तर : हवालदारसाहेब, त्या दोन ओळी मोकळ्याच राहू द्या. बाकीचं सगळं त्यानंतर.

आज तुमच्यावर ठपका आहे तो नोंद न घेतल्याचा. ती ओळ लिहिलीत की भारतीय न्याय संहितेचं कलम २५६ लागतं : कुणाला शिक्षेतून वाचवण्यासाठी लोकसेवकाने खोटं रेकॉर्ड तयार करणं, तीन वर्षांपर्यंत कैद. आणि हा गुन्हा डीबीवाल्यांच्या नाही, तुमच्या हस्ताक्षरात असेल. आजवर जेवढ्या डायऱ्या कोर्टात उलटतपासणीसाठी हातात घेतल्या, त्यांतली घुसवलेली नोंद शोधायला मला हस्ताक्षरतज्ज्ञ लागलेला नाही. अक्षर बारीक होतं, ओळ उजवीकडे वर चढते, आणि पुढच्या नोंदीचा अनुक्रमांक गिरवून दुरुस्त केलेला असतो. सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या संगणकीय नोंदप्रणालीत, भरायची म्हटली तर संगणक वेळ विसरत नाही. शिवाय ‘नशेत पडून’ तळपायावर वळ कसे उठतात, याचं उत्तर पिंजऱ्यात उभं राहून तुम्हाला द्यावं लागेल, साहेबांना नाही.

आता मंजुरीचं. साहेब सांगतात त्यात अर्धं खरं आहे. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १९७ म्हणजे आताच्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम २१८. हे संरक्षण मुळात सरकारच्या मंजुरीशिवाय ज्यांना काढता येत नाही अशा अधिकाऱ्यांसाठी आहे. हवालदाराला ते मिळतं ते सुव्यवस्था राखणाऱ्या दलांना ते लागू करणाऱ्या राज्य सरकारच्या अधिसूचनेतून. त्यातही नवीन कायद्याने एक गोष्ट बदलली आहे. मंजुरीचा प्रस्ताव आल्यावर सरकारने १२० दिवसांत निर्णय घ्यायचा, नाही घेतला तर मंजुरी मिळाली असंच धरायचं. फाइल मंत्रालयात वर्षानुवर्षं पडून राहील आणि आपण निवृत्त होऊ, हा हिशोब त्यामुळे आता चालत नाही.

यापेक्षा तुमच्या कामाचं आहे ते महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ चं कलम १६१. कर्तव्याच्या ओघात किंवा अधिकार ओलांडून केलेल्या कृत्याबद्दल पोलिसावर खटला सहा महिन्यांच्या आत भरायचा, राज्य सरकारची पूर्वमंजुरी असेल तर दोन वर्षांच्या आत. या कलमावर सर्वोच्च न्यायालयाचे जे दोन निकाल तुमच्या कामाचे आहेत, त्यांच्यामधल्या फटीत तुमचा बचाव आहे. १९६३ साली विरुपाक्षप्पा कडमपूर या हेड कॉन्स्टेबलच्या प्रकरणात आरोप होता खोटा पंचनामा आणि खोटा अहवाल केल्याचा. कोर्ट म्हणालं, पंचनामा करणं हे त्याचं कामच होतं, तो खोटा केला तरी कृत्य कर्तव्याच्या ओघातलंच, म्हणून मुदतीचं संरक्षण लागू. १९६६ साली महाराष्ट्र सरकार विरुद्ध आत्माराम या प्रकरणात आरोप होता तपासात संशयितांना मारल्याचा आणि डांबून ठेवल्याचा. तिथे कोर्टाने संरक्षण नाकारलं. कबुलीसाठी मारहाण करायला कायद्याने बंदी आहे, तेव्हा ती कुठल्याच कर्तव्याच्या रंगात बसत नाही.

आता हे तुमच्या प्रकरणाला लावून बघा. डायरी लिहिणं किंवा न लिहिणं हे ठाणे अंमलदाराचं काम आहे, म्हणजे तुमची बाजू १९६३ च्या निकालाजवळ जाते. मागच्या खोलीतले तिघं सरळ १९६६ च्या निकालात बसतात. त्यांचा वकील २०२० च्या डी. देवराज प्रकरणाचा आधार घेईल. कर्तव्याशी वाजवी संबंध असेल तर अतिरेक झाला तरी मंजुरी लागते, असं त्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे. घेऊ दे. पण तुम्ही चौघांच्या वतीने एकच कैफियत दिलीत, ‘आम्ही कुणीच काही केलं नाही, तो आधीच जखमी होता’, की तुमचा वेगळा मुद्दा संपला. एका वकिलाला एकाच वेळी ‘मारहाण झालीच नाही’ आणि ‘झाली असेल तर माझ्या अशिलाने केली नाही’ असं म्हणता येत नाही. म्हणून वकील वेगळा आणि वकालतनामा वेगळा. फीसाठी पतसंस्थेचं कर्ज काढावं लागलं तरी चालेल.

तुम्हाला न आवडणारी गोष्टही सांगतो. ‘मी हात लावला नाही’ एवढ्याने तुम्ही सुटत नाही. आवाज ऐकू येत होते, हे तुम्हीच लिहिलं आहे. ठाण्याचा त्या रात्रीचा ताबा तुमच्याकडे होता. कायद्यात कृत्य या शब्दात बेकायदेशीर अकृतीही येते, म्हणजे जे करणं बंधनकारक होतं ते न करणं. फिर्यादीचा वकील म्हणणार, बाहेर टेबलावर बसून तुम्ही दार राखत होता. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच म्हटलं असतं. कबुलीसाठी दुखापत करण्याचं न्याय संहितेचं कलम १२० आहे, सात वर्षांपर्यंत. दुखापत गंभीर ठरली तर दहा. म्हणून त्या सुजलेल्या मनगटात हाड मोडलं आहे की नाही, यावर बरंच अवलंबून आहे. दुखापतीच्या प्रमाणपत्राची नक्कल आधी मिळवा. जखमा किती तासांपूर्वीच्या लिहिल्या आहेत आणि दाखल होताना मुलाने डॉक्टरला कुणाकुणाची नावं सांगितली, ते त्यात वाचा. तुमचं नाव तिथे नसेल तर तो कागद सोन्यासारखा जपा. मुलगा अनुसूचित जाती-जमातीचा आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही. असेल आणि अ‍ॅट्रॉसिटीचं कलम लागलं तर अटकपूर्व जामिनाचा रस्ता जवळपास बंद होतो, तेव्हा हे आजच बघा.

कोर्टाची नोटीस आली म्हणजे खटला सुरू झाला, असं नाही. सुरक्षा संहितेच्या कलम २२३ प्रमाणे दखल घेण्याआधी तुमचं म्हणणं ऐकायचं असतं, आणि आरोप सरकारी कामाच्या ओघातला असेल तर तुमच्या वरिष्ठांकडून घटनेचा अहवालही मागवावा लागतो. घोळ इथेच आहे. तो वरिष्ठ म्हणजे दोन ओळी घालायला सांगणारे साहेबच असतील, तर अहवालात काय येणार ते सांगायला नको. तुमच्या वकिलाने लेखी अर्ज द्यावा की, या ठाण्याशी संबंध नसलेल्या वरिष्ठ अधिकाऱ्याकडून अहवाल घ्यावा. तुमच्या स्वतःच्या म्हणण्यात किती सांगायचं, हे पत्रातून ठरवण्यासारखं नाही. वकिलासमोर बसून, दार लावून ठरवा. पण जे लिहाल ते खरं लिहा. पुढे माफीच्या साक्षीदाराचा रस्ता कायद्यात आहे. आज त्याची घाई नको, पण आज खोटं बोललात तर तो रस्ता उरत नाही.

सीसीटीव्हीसाठी आजच अर्ज टाका. परमवीर सिंग सैनी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली प्रत्येक पोलीस ठाण्यात कॅमेरे आणि चित्रण १८ महिने, निदान वर्षभर, जपून ठेवायला सांगितलं आहे. ‘त्या रात्री डीव्हीआर (चित्रण साठवणारं यंत्र) बंद होता’ हे उत्तर येईलच. तरी पोलीस अधीक्षक कार्यालयात अर्ज देऊन आवक क्रमांक घ्या. चित्रण असेल तर रात्रभर तुम्ही टेबलावर होता हे दिसेल. गायब झालं असेल तर ते मागणारा चौघांत एकटा तुम्ही होता, हे कोर्टाला दाखवता येईल.

खातेनिहाय चौकशी आणि फौजदारी प्रकरण एकाच वेळी चालू शकतं का? चालू शकतं. दोन्हीकडे तीच घटना, तोच पुरावा, आरोप गंभीर आणि गुंतागुंतीचा, असं असेल तर चौकशी थांबवावी, असं कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात १९९९ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. पण अशी स्थगिती सहज मिळत नाही. मी सगळी चौकशी थांबवा असं मागत नाही, तुमचं बचावाचं निवेदन तेवढं पुढे ढकला, असं मागतो. अधीक्षकांकडे अर्ज, नाकारला तर मॅट, म्हणजे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरण. दोषारोपपत्रातल्या ‘नोंद घेतली नाही’ या बाबीवर उत्तर द्यावंच लागलं तर ‘नोंद झालेली नाही हे अभिलेखावरून दिसते’ इथे थांबा. का, कुणी सांगितलं, काय ऐकलं, हे फौजदारी प्रकरण चालू असताना चौकशी अधिकाऱ्याला लिहून देऊ नका. प्राथमिक चौकशीत तुमचा जबाब झाला असेल तर त्याची नक्कल आणि साक्षीदारांची यादी लेखी मागा. बचाव सहाय्यक म्हणून चौकशीची कामं केलेला एखादा निवृत्त सहकारी घ्या. वकिलाला तिथे सहसा येऊ देत नाहीत.

निलंबनाबाबत ९ जुलै २०१९ चा शासन निर्णय लक्षात ठेवा : ९० दिवसांत दोषारोपपत्र दिलं नाही तर निलंबन मागे घ्यावं लागतं, दिलं असेल तर तीन महिन्यांत आढावा घ्यायचा असतो. तुम्हाला दोषारोपपत्र कोणत्या तारखेला मिळालं? पोचपावतीवर सही करताना तारीख स्वतःच्या हाताने घातली होती का? निर्वाह भत्ता सुरुवातीला अर्धवेतनी रजेइतका मिळतो, तीन महिन्यांनंतर वाढवून मागता येतो. दुसरीकडे कुठे काम करत नाही, हे प्रमाणपत्र दर महिन्याला द्या आणि मुख्यालयाची हजेरी चुकवू नका. भत्ता अडवला तर गप्प बसू नका. पॉल अँथनी भत्ता न मिळाल्यामुळेच चौकशीला जाऊ शकले नव्हते, आणि त्यांच्या माघारी झालेली ती चौकशी टिकली नाही.

पुढे फिर्याद रद्द करून घेण्यासाठी उच्च न्यायालयात जावं लागलं आणि तुम्ही सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर किंवा दक्षिण कोकणातले असाल, तर ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरच्या सर्किट बेंचकडे जाता येतं. मॅटसाठी मात्र या जिल्ह्यांना मुंबईच.

राहिली रविवारची बैठक. तुमचा वकील ठरेपर्यंत जाऊ नका. ‘आईची तब्येत’ वगैरे कारण सांगू नका, तेही कुठेतरी खोटं ठरेल. ‘मी वेगळा वकील दिला आहे, ते म्हणतात बोलायचं नाही’ एवढंच फोनवर सांगा, आणि ते वाक्य खरं व्हावं म्हणून शनिवारी संध्याकाळपर्यंत कुणाच्या तरी वकालतनाम्यावर सही करा.