ब्लास्टुला: कोरक म्हणावं की आणखी काही?

जीवशास्त्राचं भाषांतर करणाऱ्या एका वाचकाचा प्रश्न आहे. 'ब्लास्टुला'साठी त्यांना 'कोरक' हा शब्द सापडला. पण कोरक म्हणजे कळी, आणि ब्लास्टुला तर गर्भाची अगदी सुरुवातीची अवस्था: आतून पोकळ, द्रवाने भरलेला पेशींचा गोळा. मग कळी कुठून आली? आणि मूळ शब्दच ठेवला तर 'तो ब्लास्टुला' की 'ती'?

कळी ग्रीकमधून आली. 'ब्लास्टोस' म्हणजे कोंब, अंकुर. ही नावं रुळवली ती एर्न्स्ट हेकेल या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाने. त्याने १८७२ साली ब्लास्टुलानंतरच्या अवस्थेसाठी 'गॅस्ट्रुला' शब्द वापरला आणि पुढच्या काही वर्षांत आधीच्या-नंतरच्या अवस्थांची साखळी लावली. शेवटचं 'उला' हे लॅटिन लघुत्वदर्शक, आपल्या 'डबा-डबी'तल्या ईकारासारखं. त्यामुळे मोरुला, म्हणजे ब्लास्टुलाआधीची अवस्था, हे तुतीचं छोटं फळ (रेशीमवाले शेतकरी लावतात त्या तुतीचं शास्त्रीय नाव 'मोरस', त्याच कुळातला शब्द), ब्लास्टुला म्हणजे कोंबुला आणि गॅस्ट्रुला म्हणजे पोटुकलं. यात मोरुलाचं नाव दिसण्यावरून पडलं. पेशींचा भरीव पुंजका खरोखरच तुतीसारखा दिसतो. गॅस्ट्रुलाचं नाव पुढे जे होणार त्यावरून, कारण त्यात आतड्याची पहिली पोकळी तयार होते. ब्लास्टुलाचं नाव मात्र दिसण्याशी फटकून आहे. 'कोरक' करणारा ग्रीकशी इमानी राहिला, डोळ्यांना दिसतं त्याच्याशी नाही.

दिसतं काय? समुद्री साळिंदराचा, म्हणजे सी अर्चिनचा ब्लास्टुला पाहावा. पेशींचा एकच थर, मध्ये पोकळी आणि बाहेरून बारीक केसल, म्हणजे हलणारे केसासारखे धागे. आवरणाच्या आतच तो गरगर फिरू लागतो, मग विकराने (एन्झाइमने) आवरण विरघळवून बाहेर पडतो आणि पोहू लागतो. बेडकात पोकळी मधोमध नसते, वर सरकलेली असते, कारण खालच्या पेशी बलकाने जड आणि मोठ्या असतात. कोंबडीत तर गोळा नाहीच. बलकावर पसरलेली पेशींची चकती असते. त्यामुळे 'पोकळ गोळा' हे वर्णन म्हणून छान, संज्ञा म्हणून कोंबडीपाशी अडकतं.

संस्कृतात याहून चित्रमय शब्द आहेत. भागवताच्या तिसऱ्या स्कंधात कपिलमुनी आई देवहूतीला सांगतात, की गर्भ एका रात्रीत 'कलल', पाच रात्रींत 'बुद्बुद' आणि दहा दिवसांत 'कर्कंधू' होतो. कलल म्हणजे बुळबुळीत गोळा, बुद्बुद म्हणजे बुडबुडा, कर्कंधू म्हणजे बोर. तिकडे तुती, इकडे बोर! पाच दिवस आणि बुडबुडा हे वाचून 'आपल्याकडे सगळं आधीच होतं' असं म्हणायचा मोह होतो. तो आवरावा. माणसात साधारण पाचव्या दिवशी पोकळ अवस्था येते हे खरं, पण भागवतात पेशी मोजलेल्या नाहीत, आणि सुश्रुत तर पहिला अख्खा महिना कललाला देतो. 'बुद्बुद' मला ब्लास्टुलासाठी मनापासून आवडतो, पण पाठ्यपुस्तकात घातला तर विद्यार्थी दोन वेगळ्या मांडण्या एकच समजतील.

कोरक टाकाऊ नाही. 'अस्थिकोरक' म्हणजे हाड घडवणारी पेशी. तिथे अंकुराचा अर्थ चपखल बसतो. म्हणून माझं मत असं, की 'कोरक' त्या पेशींसाठी राखावा आणि अवस्थांना मोरुला, ब्लास्टुला, गॅस्ट्रुला हेच म्हणावं; पहिल्या उल्लेखात एका वाक्यात ओळख करून द्यावी. ब्लास्टोसिस्टची मात्र ब्लास्टुलात गल्लत नको. तो सस्तन प्राण्यांचा. त्यात बाहेरचा थर वारेच्या कामाला लागतो आणि आतल्या छोट्या पुंजक्यातून पिल्लू घडतं. टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात पाचव्या दिवशी गर्भाशयात सोडतात तो हाच.

आता लिंग. लॅटिनमध्ये हे शब्द स्त्रीलिंगी, पण मराठीत आकारान्त परका शब्द बहुधा पुल्लिंगी होतो: तो सोफा, तो कॅमेरा, तो अमीबा. म्हणून 'ब्लास्टुला तयार होतो', आणि 'ब्लास्टुला अवस्था' म्हटलं तर अवस्थेमुळे 'येते'. सामान्यरूपाचं मात्र जपून. कॅमेरा घरचा झाला म्हणून 'कॅमेऱ्यात' म्हणतो, अमीबा अजून 'अमीबात'च आहे. ब्लास्टुलाही त्याच पंक्तीतला: 'ब्लास्टुलाची पोकळी' लिहावं, 'ब्लास्टुल्याची' नको.