सत्तरीतल्या पुरुषाला वारंवार होणारं लघवीचं इन्फेक्शन क्रॅनबेरीच्या गोळ्यांनी थांबतं का?

तुम्ही लिहिलंय की वडील ७२ वर्षांचे आहेत, वर्षभरात तीनदा इन्फेक्शन झालं, प्रत्येक वेळी अँटिबायोटिकचा कोर्स झाला, आणि आता कुणीतरी क्रॅनबेरी (एक आंबट लाल फळ) सुचवली आहे. ती द्यावी का, द्यायची तर रस की कॅप्सूल, आणि शेवटी पीएसए (प्रोस्टेट ग्रंथीसाठी केली जाणारी रक्ततपासणी) वाढल्याची काळजी. मी डॉक्टर नाही, पण या वाटेने स्वतः गेलोय. ६६व्या वर्षी मी क्रॅनबेरी सुरू केली, आठ महिने एकही दिवस न चुकवता घेतली, आणि त्या आठ महिन्यांत मला दोनदा इन्फेक्शन झालं. गोळीचा त्यात दोष नव्हता. दुखणं एकीकडे आणि इलाज दुसरीकडे, असं चाललं होतं.

क्रॅनबेरीने लघवी आम्लधर्मी होते आणि जंतू मरतात, असं पूर्वी मानायचे. तेवढी आम्लता यायला प्यावा लागेल इतका रस कुणाच्याने पिववत नाही. १९८०च्या दशकापासून वेगळं स्पष्टीकरण पुढे आलं. बहुतेक इन्फेक्शन ज्याच्यामुळे होतात त्या ई. कोलाय जंतूच्या अंगावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यांनी तो मूत्रमार्गाच्या अस्तराला धरून बसतो. क्रॅनबेरीतली ए-टाइप प्रोअँथोसायनिडिन्स ही द्रव्यं त्याची पकड बसू देत नाहीत. जंतू मरत नाही, फक्त चिकटत नाही, आणि धारेबरोबर वाहून जातो.

गोम इथेच आहे. वाहून जायला धार हवी, आणि मूत्राशय रिकामं व्हायला हवं.

बाईची मूत्रनलिका ४ सेंटिमीटरच्या आसपास, पुरुषाची साधारण २०. म्हणून तरण्या पुरुषांना हे दुखणं क्वचित होतं. वय वाढलं की प्रोस्टेट, म्हणजे पुरुषाच्या मूत्राशयाखालची ग्रंथी, वाढते, नलिका आवळली जाते, मूत्राशय जोर लावून लावून थकतं, आणि प्रत्येक वेळी थोडी लघवी आत शिल्लक राहते. साचलेल्या पाण्यात जे होतं तेच मग तिथे होतं.

माझं हे कळलं ते एका साध्या सोनोग्राफीत. तडस लागेपर्यंत पाणी प्यायला लावलं, भरलेल्या मूत्राशयाचं मोजमाप घेतलं, मग म्हणाले, जाऊन या. मी गेलो, निवांत उभा राहिलो, मोकळा झालो असं वाटलं, परत येऊन टेबलावर आडवा झालो. पडद्यावर तो काळा फुगा होताच, फक्त जरा लहान झालेला. १९० मिलिलिटर! म्हणजे मोकळा झालो असं वाटत असताना मोठा कपभर लघवी पोटात घेऊन मी हिंडत होतो. तपासणाऱ्या मुलीने आकडा अगदी सहज सांगितला, मी मात्र तो घरी येईपर्यंत घोकत होतो. या शिल्लक लघवीला पोस्ट व्हॉइड रेसिड्यूअल म्हणतात. वडिलांची ही मोजणी झाली नसेल, तर क्रॅनबेरीच्या आधी ती करून घ्या.

आता अभ्यास काय सांगतात ते. वैद्यकीय अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०२३ साली ५० चाचण्या आणि जवळपास ८,९०० माणसांचा आढावा घेतला. ज्या बायकांना वारंवार इन्फेक्शन होतं त्यांच्यात क्रॅनबेरीने धोका साधारण पाव हिश्शाने कमी झाला, मुलांमध्ये निम्म्याने. पण वृद्धाश्रमांसारख्या ठिकाणी राहणारे म्हातारे स्त्री-पुरुष, आणि मज्जासंस्थेच्या विकारामुळे ज्यांचं मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही असे लोक, या दोन्ही गटांत फायदा दिसला नाही. दुसरा गट वाचून मला माझे १९० मिलिलिटर आठवले. माझं कारण वेगळं, पण साचणं तेच. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०२० साली क्रॅनबेरीच्या पूरक गोळ्यांवर मर्यादित दावा छापायला परवानगी दिली, तीही फक्त आधी इन्फेक्शन होऊन गेलेल्या निरोगी बायकांपुरती. पुरुषांचं नाव त्यात नाही.

‘पण पुरुषांवरही प्रयोग झालेत’ असं तुम्हाला कुणी सांगेल, आणि ते खरं आहे. चेक संशोधकांनी २०१० साली ४२ पुरुषांवर एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्यांना सहा महिने रोज १,५०० मिलिग्रॅम सुक्या क्रॅनबेरीची पूड दिली, आणि त्यांचा लघवीचा त्रास कमी झाला. मात्र बाकीच्या निम्म्यांना नुसतंच ठेवलं होतं, खोटी गोळीसुद्धा नव्हती. शिवाय त्या पुरुषांना जंतूंमुळे झालेलं दुखणं नव्हतंच. तेव्हा तुमच्या वडिलांच्या इन्फेक्शनबद्दल त्यावरून काही ठरत नाही.

एवढं करून द्यायचीच असेल तर बाटली उलटी करून वाचा. माझ्या बाटलीवर पुढे ठसठशीत ‘५०० मिलिग्रॅम’ होतं. मागे भिंग लावून पाहिलं तर प्रोअँथोसायनिडिन्स किती, याचा उल्लेखच नाही. अभ्यासांत दिवसाला ३६ मिलिग्रॅम हा आकडा वारंवार येतो, आणि तो त्या द्रव्याचा असतो, फळाच्या पुडीचा नाही. रसाच्या नादी तर लागूच नका. नुसता रस घशाखाली उतरत नाही, म्हणून त्यात साखर ओतलेली असते. वडिलांना मधुमेह असेल तर ते इन्फेक्शनला आमंत्रणच.

रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय क्रॅनबेरी नको. मूतखडा होऊन गेला असेल तरी विचारा, कारण या गोळ्यांनी लघवीतलं ऑक्झलेट वाढू शकतं.

मला उपयोग कशाचा झाला? टॅमसुलोसिन हे प्रोस्टेटजवळचे स्नायू सैल करणारं औषध मिळालं. पहिले काही दिवस झटकन उठलं की भोवळ यायची, म्हणून पलंगाच्या कडेला जरा बसून मग उठायचो. दुसरी गोष्ट फुकटची: लघवी झाली की तिथेच मिनिटभर थांबायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. पहिल्या दिवशी हसू आलं, दुसऱ्या खेपेला चांगली धार लागली तेव्हा हसू थांबलं. सर्दीच्या गोळ्याही बंद केल्या. त्यातल्या काहींनी लघवी तुंबते हे मला साठ वर्षं कुणी सांगितलं नव्हतं. बद्धकोष्ठाचंही तेच. आतडं भरलेलं असलं की मूत्राशय नीट रिकामं होत नाही.

पुढच्या वेळी जळजळ सुरू झाली तर अँटिबायोटिकचा पहिला डोस घेण्याआधी लघवी कल्चरला, म्हणजे जंतू कोणता हे ओळखायच्या तपासणीला, द्या. तीनदा इन्फेक्शन झालं म्हणता, तर तिन्ही वेळा जंतू एकच होता का, हे डॉक्टरांना समजायला हवं. एकच असेल तर तो प्रोस्टेटमध्ये दडलेला असू शकतो. तिथे बरीच अँटिबायोटिक्स नीट पोचत नाहीत, म्हणून कोर्स काही आठवड्यांचा लागतो. उलट काहीच त्रास नसताना केवळ रिपोर्टात जंतू दिसले, तर या वयात सहसा औषध देत नाहीत. थंडी वाजून ताप आला किंवा लघवी अडली तर मात्र सकाळची वाट पाहू नका, आणि लघवीतून रक्त गेलं तर दुखत नसलं तरी दाखवा.

राहता राहिला पीएसए. तुम्ही लिहिलंय की रक्त इन्फेक्शन चालू असतानाच दिलं होतं. इन्फेक्शनमध्ये तो आकडा वाढू शकतो आणि खाली यायला वेळ लागतो. डॉक्टरांना तसं सांगा आणि सगळं शमल्यावर सहा-आठ आठवड्यांनी तपासणी पुन्हा करायची का ते विचारा. माझा पहिला आकडा ९ होता, दुसरा ३.