नोड वेचायचे की हेरायचे?

दारव्हा तालुक्यातल्या एका गावात संगणकाचे वर्ग घेणाऱ्या ताईंनी विचारलंय : "एक्सएमएलमधून एक्सपाथनं नोड सिलेक्ट करतो, त्याला मी 'नोड वेचणे' म्हणते. पोरींना लगेच कळतं. शब्द बरोबर आहे का?"

(एक्सएमएल म्हणजे माहिती खुणांमध्ये बांधून लिहायची पद्धत, नोड म्हणजे अशा दस्तऐवजातला एकेक भाग, आणि एक्सपाथ म्हणजे त्यातला हवा तो भाग दाखवून देणारी भाषा.)

ताई, पोरींना का कळतं ते उघड आहे. कापूस वेचताना तास धरून चालायचं, फुटलेलं बोंड तेवढं घ्यायचं, कच्चं सोडायचं. //गट[@पीक='कपाशी'] ही ओळ तसंच करते. दस्तऐवजात कितीही आत असले तरी सगळे गट बघते आणि ज्यांच्या 'पीक' या गुणधर्मात 'कपाशी' लिहिलंय तेवढेच धरते. कुणी तिथं 'कापूस' लिहून ठेवलं असेल तर ओटी रिकामी, आणि चूक झाल्याचा निरोपही नाही. आपण शेतात दोन्ही म्हणतो. एक्सपाथला अक्षर न् अक्षर जुळायला हवं.

पण वेचलं की बोंड रिकामं होतं, कापूस ओटीत येतो. सिलेक्ट केलेला नोड जागचा हलत नाही. आपल्या हाती येतो तो त्याचा ठावठिकाणा. म्हणूनच कोडमध्ये त्या नोडचा मजकूर बदलला की मेमरीत उघडलेला मूळ दस्तऐवजच बदलतो. 'वेचणे' मनात बसलेल्या पोरीला मात्र वाटतं, ही माझ्या ओटीतली वेगळी प्रत आहे. माझा आक्षेप एवढाच, पण तो मोठा आहे.

यासाठी आपल्याकडे नेमका शब्द आहे : हेरणे. बैलबाजारात जोडी हेरून ठेवली तरी ती मालकाच्या दाव्यालाच असते. भाव करायचा, घ्यायची की सोडायची, ते पुढचं. एक्सपाथचं कामही हेरण्यापर्यंतच. बदलणं, काढून टाकणं हे तुमच्या कोडचं. वहीत 'निवडणे' लिहा, हरकत नाही, पण समजावताना 'हेरणे' वापरून बघा. काढून टाकण्याचा धडा येईल तेव्हा 'वेचणे' शोभेल.

जाता जाता, नोडला 'घटक' म्हणू नका. तो शब्द एलिमेंटसाठी, म्हणजे नावाच्या खुणांमध्ये बांधलेल्या भागासाठी ठेवा. १९९९ साली एक्सपाथची पहिली आवृत्ती आली, तिच्यात नोडचे सात प्रकार आहेत आणि एलिमेंट त्यांतला एक. वरच्या ओळीतला 'गट' घटक आहे. '@पीक' हा त्याचा गुणधर्म, तो घटक नाही, पण नोड आहे.