पॉइंट टू टू रायफलच्या बॅरलला (नळीला) पुढून आधार द्यावा की मोकळं ठेवावं?

मोकळं ठेवा.

खरं तर एवढं लिहून थांबायला हवं होतं. पण तुम्ही लिहिलंय की स्टॉक (बॅरल ज्यात बसतं तो धरायचा भाग) लाकडी आहे आणि क्लबमधल्या एका सीनियरनी बॅरल आणि लाकडाच्या मध्ये, अगदी पुढच्या टोकाला, रबराचा तुकडा घालायला सांगितलाय. हे वाचलं आणि मला आमचे अण्णा आठवले.

मी कोल्हापूरचा. माझी पहिली रायफल सेकंडहँड, लाकडी स्टॉकची. अण्णा क्लबमधले जुने नेमबाज, त्यांचा शब्द म्हणजे शेवटचा. त्यांनी सायकलच्या ट्यूबचा तुकडा दोन घड्या करून माझ्या बॅरलखाली सरकवला आणि म्हणाले, "अरे, लोंबकळणारी नळी हलणारच. तिला टेकू पाहिजे." सँडबॅगवर टेकून पाच गोळ्या मारल्या, तर ग्रुप (सगळ्या भोकांचा पुंजका) जुन्या चार आण्याच्या नाण्याखाली झाकला जाईल एवढा. अण्णांनी मिशीवरून हात फिरवला. मीही खूश.

मग ऑगस्टमध्ये बालेवाडीला मॅच. प्रोन, म्हणजे पालथं झोपून, ६० शॉट्स. आठवडाभर कोल्हापुरात पावसानं उसंत दिली नव्हती. स्लिंग (दंडाला बांधून रायफल धरायचा पट्टा) आवळून आडवा झालो आणि साइटर्सच (मॅचआधीचे सरावाचे शॉट्स) घड्याळातल्या सात-आठच्या जागी जायला लागले, डावीकडे खाली. साइटला क्लिक दिले (नेम सरकवला), मध्यात आणले. वीसेक शॉट्सनंतर उठून हात झटकला, परत स्लिंग चढवला, की पुन्हा आठ गुणांचा शॉट. परत क्लिक. शेवटी कुठल्या दिशेला किती क्लिक दिलेत याचाच हिशोब राहिला नाही. ५० मीटरच्या टार्गेटवर दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं, तिथे हा खेळ चालत नाही. अण्णांचं निदान तयार होतं: "ट्रिगर खेचतोयस."

घरी येऊन बोल्ट काढला आणि दहाची नोट बॅरलखालून सरकवून बघितली. ट्यूब काढून टाकली तरी नोट निम्म्यातच अडकली. लाकूड पावसानं फुगून उजव्या बाजूनं बॅरलला चिकटलं होतं. आता बघा, सँडबॅगवर रायफलचं वजन पडलं की बॅग स्टॉकला वर ढकलते, म्हणजे ट्यूब बॅरलला खालून दाबते. प्रोनमध्ये स्लिंग तोच स्टॉक खाली आणि डावीकडे ओढतो. खालचा दाब कमी, उजवीकडचा जास्त, आणि गोळी डावीकडे खाली. स्लिंग दर वेळी थोडा वेगळा आवळला जातो, म्हणून झिरो (साइट जुळवल्यावर गोळी जिथे लागते ती जागा) दर वेळी वेगळा.

बॅरल तापून वाकतं वगैरे मोठ्या रायफलींचं पुराण इथे लावू नका, पॉइंट टू टू तेवढी तापत नाही. पण गोळी सावकाश जाते, दोन-तीन मिलिसेकंद बॅरलमध्येच असते आणि तेवढ्यात बॅरल थरथरत असतं. ते रोज एकसारखं थरथरलं तर चालतं. मध्येच लाकूड शिवलं की थरथर बदलते.

मग मी आईच्या लाटण्याला काचपेपर गुंडाळून दोन संध्याकाळ स्टॉकमधली बॅरलची खोबण घासली. नोट टोकापासून अॅक्शनपर्यंत (बॅरलमागच्या गोळी भरायच्या यंत्रणेपर्यंत) सुळकन गेली पाहिजे, तीही स्लिंग ताणलेला असताना. (घासलेल्या लाकडाला व्हार्निश मारायचं विसरलो, पुढच्या पावसाळ्यात परत घासावं लागलं. आईला नवं लाटणं आणून दिलं.) सँडबॅगवरचा ग्रुप होता तेवढाच राहिला, पण स्लिंगमधला झिरो हलायचा थांबला. अण्णा म्हणाले, "लाकडाची वाट लावलीस."

पटत नसेल तर २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकचे ५० मीटर थ्री पोझिशन (गुडघ्यावर, झोपून आणि उभ्यानं) फायनलचे फोटो बघा, ज्यात आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं ब्राँझ घेतलं. कुणाच्या बॅरलखाली टेकू दिसतो का? अण्णांना हे दाखवलं तर म्हणतात, त्यांची बॅरलं जाड असतात.

आता नाइलाजानं सांगतो, त्यात थोडं तथ्य आहे. तुमचं बॅरल पातळ असेल आणि अॅक्शन एकाच स्क्रूवर बसलेली असेल, तर मोकळं केल्यावर ग्रुप बिघडूही शकतो. काही रायफलींत कंपनीच बॅरलला पुढे एक स्क्रू देते, तो काढून फेकू नका. म्हणून आधी काही घासू नका. अॅक्शनखाली कार्डाचा पातळ तुकडा ठेवून बॅरल तात्पुरतं उचला, स्क्रू दर वेळी तेवढेच आवळा, आणि एकाच लॉटच्या (एकाच खेपेत बनलेल्या) गोळ्यांनी दहा-दहाचे तीन-चार ग्रुप मारा. सँडबॅगवर नाही, स्लिंग लावून. लॉट बदललात तर काहीच कळणार नाही. गोळीचा वेग तीन टक्के कमी-जास्त झाला तरी ५० मीटरवर सहा-सात मिलिमीटर वर-खाली होतं. आणि बॅरल थेट सँडबॅगवर टेकवून झिरो करू नका, स्टॉक टेकवा.

आणि अण्णा, तुम्ही हे वाचत असाल तर बालेवाडीचे ते आठ ट्रिगरचे नव्हते. ट्यूबचा तुकडा अजून माझ्या रायफलच्या पेटीत आहे, पाहिजे तर घेऊन जा.