अर्धा इंची गोटी सेट आहे; पुढचे रॅचेट कोणते घ्यावेत?

तुमच्याकडे अर्धा इंची गोट्यांचा (गोटी म्हणजे सॉकेट; अर्धा इंच हे तिच्या मागच्या चौकोनी भोकाचं आणि त्यात बसणाऱ्या रॅचेटच्या चौकोनाचं माप) 24 नगांचा डबा आहे, घरी मोटारसायकल आणि कारची देखभाल करता, आणि आता विचारताय की त्याच मापात 72 दात्यांचा भारी रॅचेट, म्हणजे एकाच दिशेने पकडणारा गोटीचा दांडा, घेऊ, की तिन्ही मापांचा (पाव, 3/8 आणि अर्धा इंच) मोठा सेटच उचलू. माझं उत्तर: दोन्ही नको. आधी 3/8 इंचाचा, म्हणजे तीन सुताचा, एक उत्तम रॅचेट घ्या. सोबत अर्धा इंची ब्रेकर बार, म्हणजे जाम बोल्ट सोडवायचा बिनदात्यांचा लांब दांडा, घ्या. पाव इंची नंतर. डब्यातला अर्धा इंची रॅचेट चालतोय तोवर चालू द्या.

हा क्रम बोल्टवरून ठरतो. तुम्ही जी कामं सांगितलीत त्यात सगळ्यात जास्त गाठ पडते ती 10 मिमी डोक्याच्या एम-6शी (म्हणजे 6 मिमी व्यासाच्या बोल्टशी), 12 किंवा 13 मिमीच्या एम-8शी आणि 14 ते 17 मिमीच्या एम-10शी. साध्या 8.8 ग्रेडच्या (ही बोल्टच्या ताकदीची श्रेणी) बोल्टला कसायला एम-6ला साधारण 10, एम-8ला 25 आणि एम-10ला 50 न्यूटन मीटर टॉर्क, म्हणजे पिळण्याचा जोर, लागतो. अर्धा इंची रॅचेटचा दांडा सुमारे 250 मिमी असतो. त्याच्या टोकाला नुसता चार किलोचा जोर दिला की 10 न्यूटन मीटर झाले. चार किलोचा जोर हाताला जाणवतही नाही. म्हणूनच इंजिनच्या ॲल्युमिनियम कव्हरचे एम-6 बोल्ट अर्ध्या इंचीने कसले की आटे मरतात, नाहीतर बोल्ट तुटून आत राहतो. 3/8 चा दांडा 180 ते 200 मिमीचा, डोकं बारीक, आणि ताकद या सगळ्या बोल्टांना पुरून उरणारी. आयएसओ 3315 या मानकात हाताच्या रॅचेटला जो चाचणीचा टॉर्क सोसावा लागतो, तो पाव इंचीला साधारण 60, 3/8 ला 200 आणि अर्ध्या इंचीला 500 न्यूटन मीटर आहे. 3/8 मध्ये किती जीव असतो हे यावरून लक्षात येईल. आपल्याकडच्या डब्यांमध्ये अर्धा इंची आणि पाव इंचीच जास्त येतात आणि मधलं माप सुटून जातं. दुचाकीच्या कामाला खरं माप तेच आहे.

आता दात्यांबद्दल. 24 दाते म्हणजे 15 अंशांचं पाऊल, 36 म्हणजे 10, 72 म्हणजे 5, 90 म्हणजे 4. 250 मिमी दांड्याच्या टोकाशी हे मोजलं तर 24 दात्यांना हात 65 मिमी हलवावा लागतो, 36 ला 44, 72 ला 22 आणि 90 ला 17. म्हणजे 36 वरून 72 वर गेलात तर चेसिस आणि इंजिनच्या बेचक्यात खरोखर फरक पडतो. 72 वरून 90 वर गेल्याने पाचच मिलिमीटर वाचतात. हे पाच मिलिमीटर पाना आणि गोटीमधल्या ढिलाईत कुठल्या कुठे जातात. गोटी चौकोनावर सैल बसत असेल, गोटी नटावर सैल असेल, तर 5 अंशांचा रॅचेट प्रत्यक्षात 8-9 अंश हलवल्यावरच पकडतो. म्हणून 72 पुरेत, त्यावर जास्तीचे पैसे घालू नका. कोकेनसारखी नावाजलेली जपानी कंपनी 36 दात्यांचे रॅचेट आजही बनवते, आणि ते हातात घेतले की चांगल्या रॅचेटची ओळख दात्यांच्या संख्येत नसते हे कळतं.

ओळख असते ती उलट फिरताना. दांडा मागे घेताना आतली खिटी, म्हणजे पॉल, स्प्रिंगच्या दाबाखाली एकेका दात्यावरून घसरते. हा विरोध जितका कमी तितका रॅचेट चांगला. कारण नट शेवटच्या चार-पाच आट्यांवर आला की तो बोटानेसुद्धा फिरतो. त्या वेळी रॅचेटचा विरोध नटाच्या विरोधापेक्षा जास्त असला तर दांडा मागे घेताना टिकटिक होतच नाही, नटच पुढे-मागे होत बसतो. मग डाव्या हाताने गोटी धरून ठेवावी लागते, आणि जिथे डावा हात पोचत नाही तिथे काम अडतं.

दुकानात हे तपासायला मिनिटभर लागतं. रॅचेटवर छोटी, 10 मिमीची गोटी चढवा. ती अंगठा आणि तर्जनीत नुसती टेकवल्यासारखी धरा, दाबू नका, आणि दुसऱ्या हाताने दांडा उलट फिरवा. गोटी बोटांत स्थिर राहिली आणि टिकटिक सुरू झाली तर उत्तम. गोटी बोटांतून निसटून दांड्याबरोबर फिरली तर तो रॅचेट खाली ठेवा. दिशा बदलून पुन्हा करा. स्वस्त मालात एका दिशेला हलका आणि दुसऱ्या दिशेला जड असा फरक सापडतो. नव्या रॅचेटमध्ये घट्ट ग्रीस भरलेलं असेल तर थोडा जडपणा त्याचाही असतो, पण तो दहा-बारा वेळा फिरवल्यावर कमी होतो. स्प्रिंगचा जडपणा तसाच राहतो.

मग दिशेची कळ बघा. ती अंगठ्याने सहज फिरावी, पण ज्या ठिकाणी तुम्ही डोक्यावर तळहात दाबता तिथे ती उंच आलेली नसावी. गोल डोक्याच्या रॅचेटमध्ये मागची चकती फिरवून दिशा बदलते. तळहाताच्या दाबाने ती कामाच्या मध्येच फिरते आणि सुटणारा बोल्ट कसायला लागतो. नासपतीच्या आकाराचं डोकं आणि छोटी कळ मला जास्त भरवशाची वाटते. गोटी सोडायचं बटण हवंच, पण ते दाबल्याशिवाय गोटी सुटता कामा नये: गोटी चढवून रॅचेट खाली झटका, पडली तर चौकोनावरची गोळी कमजोर आहे.

डोक्याची जाडी हाही महत्त्वाचा मुद्दा आहे. घेण्याआधी तुमच्या गाडीत सगळ्यात अडचणीचा बोल्ट कोणता, त्याच्यामागे किती जागा आहे, हे पट्टीने मोजून जा. गोटीची उंची अधिक डोक्याची जाडी त्याच्यात बसली पाहिजे. मान वळणारा रॅचेट कामाचा आहे, पण तो दुसरा असावा, पहिला नव्हे. सांध्याची पिन झिजली की मान लटपटते आणि जोर लावताना गोटी तिरकी होऊन बोल्टचं डोकं गोल करते.

दांड्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ कोरलेलं असतं, त्यावर फार जाऊ नका. ती दांड्याच्या पोलादाची गोष्ट झाली. झीज होते ती आतल्या चक्राची, खिटीची आणि स्प्रिंगची, आणि त्यांच्याबद्दल दांडा काही सांगत नाही. त्यापेक्षा दुकानदाराला विचारा, दुरुस्ती किट मिळतं का? डोकं दोन-तीन स्क्रूंनी किंवा सर्क्लिपने (खाचेत बसणाऱ्या स्प्रिंगच्या कडीने) उघडणारं असावं. रिव्हेट मारून बंद केलेलं डोकं म्हणजे खिटी गेली की रॅचेट गेला. मुंबईत नागदेवी स्ट्रीटच्या दुकानांत रॅचेट हातात घेऊन तपासता येतो, किटचीही चौकशी तिथेच होते. आपल्या नाशिकच्या सातपूर एमआयडीसीतल्या टपारिया कंपनीचा रॅचेट घरकामाला रास्त आहे आणि तिचा माल गावोगाव मिळतो. जर्मन किंवा जपानी रॅचेट कितीतरी महाग पडतो. तो आयात करण्याआधी त्याचं किट भारतात कोण देतं हे नक्की करा, नाहीतर तीनशे रुपयांच्या स्प्रिंगपायी तो खणात पडून राहतो.

ब्रेकर बारचा आग्रह एवढ्यासाठी की चांगला रॅचेट बहुतेक वेळा एकाच कारणाने मरतो: जाम बोल्टवर आणि दांड्याला लावलेल्या पाइपने. मारुतीच्या बऱ्याच गाड्यांच्या 19 मिमी व्हील नटला 85 न्यूटन मीटर पुरतात, पण पंक्चरवाल्याने इम्पॅक्ट गनने कसलेला आणि दोन पावसाळे खाल्लेला नट सुटायला 200 सहज घेतो. 250 मिमीच्या दांड्याला त्यासाठी 80 किलोचा जोर लागतो, 600 मिमीच्या ब्रेकर बारला 34. रॅचेटला पाइप लावला की सगळा जोर खिटीच्या दोन-चार दात्यांवर येतो. ते तुटले नाहीत तरी त्यांच्या कडा गोल होतात. त्यानंतर रॅचेट रिकामा फिरवताना ठीक वाटतो आणि नेमका जोराच्या वेळी एक दाता सोडतो. हात सुटून बोटांची हाडं चेसिसवर आपटतात. अशी एक जरी उडी जाणवली तरी त्या रॅचेटवर पुन्हा जोर लावू नका, उघडून बघा.

म्हणून बोल्ट ब्रेकर बारने पाव फेरी मोकळा करायचा, मग रॅचेटने काढायचा. कसताना रॅचेटने टेकवायचा आणि शेवटचा जोर टॉर्क रेंचने, म्हणजे टॉर्क मोजून देणाऱ्या पान्याने, द्यायचा. टॉर्क रेंचने बोल्ट सोडवू नका, त्याचं माप बिघडतं. 3/8 च्या रॅचेटला ॲडॉप्टर लावून अर्धा इंची गोट्याही वापरू नका. मोठी गोटी दिसली की हात आपोआप मोठा जोर लावतो आणि 3/8 चा चौकोन पिळतो. रॅचेटबरोबर 75 आणि 150 मिमीची एक्स्टेंशन आणि 8 ते 17 मिमीच्या सहाकोनी गोट्या घ्या. बाराकोनी नकोत, गंजलेल्या डोक्यावर त्या कोपरे खातात.

देखभाल सोपी आहे. वर्षातून एकदा, आणि कोकणात राहत असाल तर पावसाळ्यानंतर लगेच, डोकं उघडा. उघडण्याआधी मोबाइलवर फोटो काढा आणि काम पारदर्शक पिशवीच्या आत हात घालून करा, कारण खिटीमागची स्प्रिंग आणि छोटी गोळी उडून जाते आणि ती सापडत नाही. सगळे भाग डिझेलमध्ये ब्रशने धुवा, कोरडे करा. खिटीच्या कडा उजेडात धरून बघा: कडेवर चमकणारी पांढरी रेघ दिसली तर ती गोल झाली आहे, किट मागवा. जोडताना दात्यांवर पातळ तेलाचे दोन-तीन थेंब किंवा हलक्या लिथियम ग्रीसचा बोटभर पुसट हात पुरे. चाकाच्या बेअरिंगचं घट्ट ग्रीस भरू नका. थंडीत ते आणखी घट्ट होतं, खिटी दात्यात पूर्ण बसत नाही, आणि नवाकोरा रॅचेटसुद्धा दाता सोडायला लागतो.