चर्चला जा, पण वहीत सही करायची घाई नको

खानापूरच्या एका मुलाने विचारलंय: एमएससाठी बॉस्टनला निघालोय. घर वारकरी, पण देव आहे की नाही याचं माझं उत्तर अजून ठरलेलं नाही. तिथल्या ओळखीच्यांनी युनिटेरियन युनिव्हर्सलिस्ट चर्चला बोलावलंय. धर्म बदलायला लावतील का? मनातलं बोललं तर चालेल का?

अरे, धर्म बदलायची भीती सोड. युनिटेरियन आणि युनिव्हर्सलिस्ट हे तिथले दोन जुने ख्रिस्ती पंथ १९६१ साली एक झाले. आज त्यांच्यात अमुक मानलंच पाहिजे असं काही नाही. नास्तिक, ज्यू, बौद्ध, येशूला मानणारे एकाच बाकावर बसतात. आपल्याकडच्यांनाही ही वाट नवी नाही. जमखंडीचे विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये याच युनिटेरियनांच्या मदतीने ऑक्सफर्डला शिकायला गेले आणि परतून प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले.

खरी अडचण वेगळीच आहे. तिथं तुला बोलतं करतात. प्रार्थनेत बरेच ठिकाणी सुखदुःख सांगायची वेळ असते: कुणी मेणबत्ती लावून आईचं आजारपण सांगतं, कुणी नातू झाल्याचं. नंतर कॉफीच्या वेळी तुझ्याभोवती चारजण जमतात आणि "हिंदू लोक याबद्दल काय म्हणतात?" विचारतात. तिथं सावध राहा. आम्ही सीमाभागातली माणसं, कुणी विचारलं की गाव, तालुका, भाषा आणि अख्ख्या समाजाची बाजू मांडायची सवय जडलेली. मी निपाणीची, मलाही ती आहेच. पण हिंदू धर्माचा वकील होऊ नकोस. आजी एकादशी कशी धरते, दिंडीत तुला काय वाटलं, कुठं शंका येते, एवढंच सांग. "मला अजून कळलेलं नाही" हे उत्तर तिथं पूर्ण उत्तर समजतात. त्यांचीच मुलं किशोरवयात आपण काय मानतो ते लिहून सगळ्यांपुढे वाचतात.

मोकळेपणाला कडा आहेत मात्र. "देव" शब्द ऐकून आठ्या घालणारे जुने मानवतावादी, म्हणजे देवाऐवजी माणसावर भर देणारे, भेटतील. राजकारणात बहुतेकांचं मत एकाच बाजूचं. तिथं वेगळं बोलणाऱ्याला देवाबद्दल वेगळं बोलणाऱ्याइतकी मोकळीक मिळते असं मला वाटत नाही.

शिवाय प्रत्येक चर्चची मंडळी आपला कारभार स्वतः बघते, धर्मोपदेशकही मतदानाने निवडते, म्हणून एकाचा अनुभव दुसरीकडे चालत नाही. बॉस्टनच्या किंग्ज चॅपेलमध्ये अजून ख्रिस्ती प्रार्थनापुस्तक वापरतात. दोन-तीन ठिकाणी बसून बघ.

पाहुण्याला काही बंधन नसतं. वहीत सही केली की सभासद झालास. मताचा हक्क येतो आणि वर्षाकाठी किती देणार हेही विचारतात. शिष्यवृत्तीवर भागवायचं असेल तर पहिलं वर्ष पाहुणाच राहा. दानाची थाळी फिरते तेव्हा हात रिकामा असला तरी कुणी बघत नाही.