ल्युपसचे रिपोर्ट चांगले असूनही थकवा जात नाही, हा थकवा मोजता येतो का?

ताई, बहिणीला ल्युपस (शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःवरच उलटते तो आजार) आहे, आजार किती आहे ते दाखवणाऱ्या सी३-सी४, डीएसडीएनए या रक्ताच्या तपासण्या सगळ्या ठीक आल्यात, डॉक्टर म्हणतात आजार कंट्रोलमध्ये आहे आणि तरी ती दुपार व्हायच्या आत आडवी होते, मग हा थकवा मोजायचा कसा असं तुम्ही विचारलंय. मोजता येतो, पण रक्तातून नाही, तिला विचारूनच. मला पण ल्युपस आहे, आणि अर्धी ताकद तर घरच्यांना हे पटवण्यातच जाते :) आजार किती ॲक्टिव्ह आहे ते बघायला डॉक्टर स्लेडाय नावाचा स्कोर काढतात, त्यात सांधे, किडनी, पुरळ, ताप सगळ्याला मार्क आहेत, थकव्याला नाहीत. त्यामुळे स्लेडाय शून्य आणि बाई पलंगावर, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

थकव्यासाठी वेगळ्या प्रश्नावल्या आहेत. जुनी म्हणजे फटीग सिव्हिरिटी स्केल, १९८९ ची, ती बनवली तेव्हाच एमएस (मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि मज्जारज्जूचा आजार) आणि ल्युपसचे पेशंट घेतले होते. ९ वाक्यं, प्रत्येकाला १ ते ७ आकडा, शेवटी सरासरी, ती ४ किंवा वर गेली की थकवा जास्त आहे असं साधारण धरतात. दुसरी फॅसिट-फटीग, १३ प्रश्न, मागच्या ७ दिवसांबद्दल, टोटल ० ते ५२. आता गंमत अशी की फॅसिटमध्ये आकडा जास्त म्हणजे थकवा कमी, आणि पहिलीत बरोबर उलटं, त्यामुळे दोन्ही एकत्र करू नका, एकच धरा आणि दर महिन्याला तीच भरा.

खरी अडचण मला वेगळीच वाटते. थकव्यामुळे कामात अडथळा येतो का, असं विचारलं की आपल्याकडच्या बायका बिनधास्त नाही लिहितात, कारण डबे झालेले असतात, भांडी झालेली असतात. पण त्या डब्यांपायी संध्याकाळ झोपून गेली, केस धुणं पुढे ढकललं, नात्यातल्या लग्नाला गेलीच नाही, ते कुठे धरलं? म्हणून स्कोरशेजारी त्या आठवड्यात काय काय सोडून द्यावं लागलं ते दोन ओळीत लिहायला सांगा. डॉक्टरांनाही नुसत्या आकड्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

आकड्यावरून कारण मात्र कळत नाही हां. हिमोग्लोबिन, थायरॉइड, व्हिटॅमिन डी, झोप, स्टिरॉइडची वेळ, डिप्रेशन, फायब्रोमायल्जिया (अंगभर दुखत राहण्याचा आजार), यातलं काहीही असू शकतं आणि बऱ्याचदा दोन-तीन गोष्टी मिळून असतात, तेव्हा वही दाखवून हे एकेक तपासायला सांगा. आणि थकवा अचानक वाढला, सोबत ताप, पायाला सूज किंवा लघवीला फेस असेल तर स्केल वगैरे बाजूला ठेवा, अपॉइंटमेंटची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा, युरीन टेस्ट लगेच करून घ्या.